खरा किवी कोण? एका नावाचे दोन मालक

आजच्या इतिहासाच्या भागाची सुरुवात आमच्या घरातल्या एका गमतीने करतो.

गेल्या वर्षी आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे राहायला आली होती. शेजारच्या बाईंशी तिच्या कुंपणावरून गप्पा चालायच्या. अर्धं इंग्रजी, अर्धे हातवारे. एकदा त्या बाईंनी आईला विचारलं, या वयात तुमची तब्येत इतकी छान कशी? आईने अभिमानाने सांगितलं, "आय ईट वन किवी एव्हरी मॉर्निंग." बाई आधी दचकल्या आणि मग पोट धरून हसल्या. आई घरात आली ती गोंधळूनच. "अरे, मी काय चुकीचं बोलले?" माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने तिला समजावलं, "आजी, तू रोज सकाळी एक पक्षी खातेस असं म्हणालीस. नाहीतर एक माणूस."

आईची काही चूक नव्हती. पुण्यात किवी म्हणजे फळच. डेंगीची साथ आली की प्लेटलेट वाढतात म्हणून लोक मंडईत ते शोधत फिरतात आणि त्याचा भाव चढतो. पण न्यूझीलंडमध्ये किवी म्हणजे पक्षी, किंवा इथला माणूस. फळाचं नाव किवीफ्रूट. ते पूर्ण उच्चारायचं, अर्धं तोडायचं नाही.

हसून झालं आणि विषय संपला असं मला वाटलं. त्याच आठवड्यात मुलगी शाळेतून आली ती गप्प गप्प. वर्गातल्या एका मुलाने तिला म्हटलं होतं, "तू काही खरी किवी नाहीस." तिचा जन्म इथला. तिने मला विचारलं, "बाबा, मग खरा किवी कोण असतो?" मी घाईघाईने म्हणालो, अगं, तुझा पासपोर्ट इथला आहे ना, झालं तर. तिचं समाधान झालं नाही, हे मला दिसत होतं. खरं सांगायचं तर माझंही झालं नाही. म्हणून मी या नावाचा इतिहास वाचायला घेतला. आज तोच तुम्हाला सांगतो.

आधी पक्ष्याकडे जाऊ.

किवी हा विचित्रच पक्षी आहे. पंख इतके छोटे की पिसांखाली दिसतसुद्धा नाहीत. शेपटी नाही. पिसं केसांसारखी. बहुतेक पक्ष्यांच्या नाकपुड्या चोचीच्या मुळाशी असतात, याच्या चोचीच्या टोकाला. रात्री बाहेर पडायचं आणि चोच जमिनीत खुपसून वासावर किडे आणि गांडुळं शोधायची, हा त्याचा दिनक्रम. मादीचं अंडं तिच्या वजनाच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याइतकं असू शकतं. नॉर्थ आयलंडच्या तपकिरी किवीमध्ये ते अडीच महिन्यांहून जास्त काळ नर उबवतो. किवीच्या आज पाच जाती मानल्या जातात.

1813 साली इंग्लंडमध्ये जॉर्ज शॉ या शास्त्रज्ञाने एका कातड्यावरून या पक्ष्याची पहिली शास्त्रीय नोंद केली आणि त्याला 'ॲप्टेरिक्स' म्हणजे 'पंख नसलेला' असं नाव दिलं. अर्थात माओरी लोकांना तो त्याआधी कित्येक शतकं माहीत होता. त्यांच्या दृष्टीने तो वनदेव ताने याचा लपलेला पक्षी. त्याच्या पिसांपासून विणलेली शाल, म्हणजे काहू किवी, हा मानाचा पोशाख. आजही मोठ्या समारंभात ती खांद्यावर दिसते.

'किवी' हे नाव कुठून आलं? नराच्या शिटीसारख्या ओरडण्यावरून पडलं, असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. पण काही भाषाशास्त्रज्ञांचं म्हणणं मला जास्त आवडलं. प्रशांत महासागरातल्या इतर बेटांवर लांब, बाकदार चोचीच्या एका स्थलांतर करणाऱ्या पक्ष्याला याच्याशी मिळतंजुळतं नाव आहे. माओरींचे पूर्वज साधारण तेराव्या शतकात होड्यांमधून इथे आले. नव्या जंगलात त्यांना लांब चोचीचा एक अनोळखी पक्षी दिसला आणि जुन्या घरच्या पक्ष्याचं नाव त्यांनी त्याला दिलं असावं. आपणही नव्या गावात तेच करतो. इथली कुठली तरी भाजी उचलून म्हणतो, ही आपल्या अंबाडीसारखी लागते.

म्हणजे हे नावसुद्धा मुळात समुद्रापलीकडून आलेलं असू शकतं.

आता फळाकडे वळू. ते तर सरळ सरळ चीनचं. तिथे त्याचं नाव 'मिहोउताओ', म्हणजे माकडांचं पीच. डोंगराळ भागातल्या जंगलांत ही वेल झाडांवर चढते. लोक फळं गोळा करून आणत, पण तिची मोठी शेती कुणी करत नसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यांगत्से नदीकाठच्या यिचांग गावात एक स्कॉटिश मिशन होतं. तिथे केटी फ्रेझर काम करायची. तिची बहीण इझाबेल फ्रेझर न्यूझीलंडमधल्या वांगानुई गावात मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. इझाबेल 1903 मध्ये बहिणीला भेटायला यिचांगला गेली आणि 1904 च्या सुरुवातीला परतली, तेव्हा तिच्या सामानात या फळाच्या बिया होत्या.

आपल्या पैकी किती जणांच्या आईने बॅगेत कपड्यांच्या घडीत मेथीचं बी नाहीतर कढीपत्त्याच्या बिया आणायचा प्रयत्न केला असेल, सांगा. आज विमानतळावर आपल्याला ते सगळं जाहीर करावं लागतं आणि बहुतेक वेळा तिथेच सोडून यावं लागतं. ते बरोबरच आहे, का ते पुढे येईलच. पण 1904 मध्ये कुणी विचारणारं नव्हतं.

त्या बिया वांगानुईच्या ॲलिसन कुटुंबाकडे गेल्या. अलेक्झांडर ॲलिसनने वेली वाढवल्या आणि 1910 मध्ये त्यांना पहिल्यांदा फळं धरली. या वेलीत नर वेगळा आणि मादी वेगळी असते. दोन्ही असल्याशिवाय फळ नाही. ब्रिटनमध्येही बिया पोचल्या होत्या, पण तिथे सुरुवातीला नर वेलीच हाती लागल्या, त्यामुळे नुसती पानं आणि फुलं. वांगानुईत नशिबाने साथ दिली. तज्ज्ञांच्या मते न्यूझीलंडचा सगळा जुना हिरवा किवीफ्रूट जेमतेम तीन वेलींचा वंश आहे, एक नर आणि दोन मादी.

पुढे ऑकलंडच्या ॲव्हनडेल भागात हेवर्ड राइट नावाचे नर्सरीवाले होते. 1920 च्या दशकात त्यांनी रोपं निवडत निवडत एक मोठं, चवदार आणि टिकाऊ फळ देणारी वेल तयार केली. आज दुकानात जे हिरवं फळ मिळतं, त्या वाणाचं नाव त्यांच्यावरून 'हेवर्ड' असंच आहे. 1930 च्या दशकात बे ऑफ प्लेंटीमधल्या ते पुके गावाजवळ व्यापारी बागा सुरू झाल्या. नाशिककडच्या मंडळींना या बागा पाहून द्राक्षाच्या मांडवाची आठवण येईल. आज ते पुके स्वतःला किवीफ्रूटची जागतिक राजधानी म्हणवतं. हंगामात बागेत आणि पॅकहाउसमध्ये काम करणाऱ्यांत आपले पंजाबी बांधव खूप आहेत, आणि कित्येक बागांचे मालकही आता तेच आहेत.

तेव्हा मात्र या फळाचं नाव किवी नव्हतं. लोक त्याला 'चायनीज गूजबेरी' म्हणत. 1952 मध्ये त्याची पहिली खेप इंग्लंडला गेली. मग अमेरिकेची बाजारपेठ खुणावू लागली. तिथे अडचण नावाची होती. शीतयुद्धाचे दिवस, आणि अमेरिकन गिऱ्हाइकाला 'चायनीज' शब्द असलेलं फळ विकायचं. ऑकलंडच्या टर्नर्स अँड ग्रोअर्स कंपनीने 'मेलनेट' हे नाव सुचवलं, म्हणजे छोटं टरबूज. अमेरिकेतल्या आयातदाराने तेही नाकारलं, कारण टरबूज आणि बेरी या दोन्हींवर आयात शुल्क जास्त. शेवटी जून 1959 मध्ये कंपनीत नवं नाव ठरलं, किवीफ्रूट. तपकिरी, केसाळ, गोल आणि बुटकं, पक्ष्यासारखंच. वर न्यूझीलंडची आठवण आपोआप.

माझं शिक्षण एमबीएचं. नाव बदलून माल कसा खपतो, यावर आम्ही वर्गात कितीतरी चर्चा केल्या. त्यात हे उदाहरण असायलाच हवं होतं. कारण यश मोठं आणि चूकही मोठी. किवीफ्रूट हे नाव कुणी स्वतःच्या मालकीचं म्हणून नोंदवून ठेवलं नाही. फळ लोकप्रिय झालं तसा इटली, ग्रीस, चिली सगळ्यांनी ते लावलं आणि त्याच नावाने विकलं. शेवटी 1990 च्या दशकात न्यूझीलंडच्या बागायतदारांना 'झेस्प्री' हे नवं नाव घडवावं लागलं, ते या वेळी नोंदणी करून.

आता प्रश्न असा की 1959 मध्ये 'किवी' म्हटल्यावर न्यूझीलंड का आठवायचं? त्यासाठी पुन्हा 1904 मध्ये जायला हवं. इझाबेल फ्रेझर बिया घेऊन आली तेच वर्ष. त्या वर्षी इथल्या रग्बी संघाने ब्रिटनच्या संघाला 9–3 असं हरवलं, आणि न्यूझीलंड फ्री लान्स या साप्ताहिकात एक व्यंगचित्र आलं. त्यात एक छोटा किवी फुगत फुगत प्रचंड मोआ पक्षी होतो. त्याआधी टपाल तिकिटावर आणि पलटणींच्या बिल्ल्यांवर किवी आलाच होता, आता तो देशाचं रूप घेऊ लागला.

1906 मध्ये मेलबर्नला विल्यम रॅमसे यांनी बुटाचं पॉलिश काढलं आणि त्याला 'किवी' नाव दिलं. त्यांची बायको न्यूझीलंडच्या ओमारू गावची, तिच्या माहेरची आठवण म्हणून. आपल्यातल्या कित्येकांनी किवी हा शब्द पहिल्यांदा वाचला तो पॉलिशच्या त्या गोल डबीवरच. पहिल्या महायुद्धात ती डबी सैनिकांच्या हातात पोचली आणि न्यूझीलंडच्या सैनिकांनाच 'किवी' म्हणू लागले. युद्ध संपलं तरी घरी न्यायला जहाजं मिळेनात, म्हणून इंग्लंडमध्ये अडकून पडलेल्या या सैनिकांनी 1919 मध्ये बुलफर्डजवळच्या टेकडीवर गवत काढून खडूच्या पांढऱ्या मातीत प्रचंड किवी कोरला. तो आजही तिथे आहे. घरापासून हजारो मैल दूर राहिलं की माणसाला आपलं नाव कुठेतरी मोठ्या अक्षरांत लिहावंसं वाटतं. परदेशात गणपतीची मिरवणूक काढणाऱ्या आपल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको.

असा हा मान. पक्ष्याचं नाव माणसांना, मग फळाला, मग डॉलरलाही मिळालं. पक्ष्याला काय मिळालं?

न्यूझीलंडच्या जंगलात वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. उडायची गरजच नसल्यामुळे किवी जमिनीवर निर्धास्त राहिला. युरोपातून आलेल्या लोकांनी ससे आणले. सशांनी कुरणं खाऊन टाकली. मग त्यांना मारायला 1880 च्या दशकात स्टोट आणले. स्टोट म्हणजे आपल्या मुंगसासारखा दिसणारा, लांबट आणि भलताच चपळ शिकारी. स्टोटने ससे सोडून सोपी शिकार धरली, किवीची पिल्लं. कुत्रे हे दुसरं संकट. 1987 मध्ये वाइटांगीच्या जंगलात सुटलेल्या एका कुत्रीने सुमारे सहा आठवड्यांत शेकडो किवी मारले असा अंदाज आहे. त्या जंगलातल्या नऊशेपैकी पाचशे. किवीला छातीचं मजबूत हाड नसतं, त्यामुळे नुसतं तोंडात धरून हलवलं तरी तो मरतो.

एकेकाळी लाखोंच्या संख्येत असलेले किवी आता सत्तर हजारांच्या आसपास उरले आहेत. जिथे शिकारी प्राण्यांचा बंदोबस्त नाही, तिथे शंभरातली पाचच पिल्लं मोठी होतात आणि दरवर्षी संख्या दोन टक्क्यांनी घटते. विमानतळावर आपल्या बॅगा का उघडतात, त्याचं कारण हे. या बेटांनी बाहेरून आलेल्या गोष्टींची किंमत मोजली आहे.

इथपर्यंत वाचल्यावर मी थोडा अस्वस्थ झालो. मुलीला काय सांगणार? बाहेरून आलेलं फळ नाव घेऊन श्रीमंत झालं आणि इथला खरा धनी जंगलात मरतोय? वर्गातल्या त्या मुलाच्या बाजूनेच हा इतिहास बोलतोय असं वाटायला लागलं.

पण पक्ष्याची गोष्ट अजून संपली नव्हती. किवीचे पूर्वज इथे आले कसे? जुनी समजूत अशी, की सुमारे आठ कोटी वर्षांपूर्वी ही भूमी मोठ्या खंडापासून वेगळी झाली तेव्हा तेही तिच्यासोबत वाहत आले. 1990 च्या दशकात डीएनए तपासणीने सांगितलं की किवीचा जवळचा नातेवाईक इथला मोआ नव्हे, ऑस्ट्रेलियाचा एमू. रग्बीतल्या पक्क्या शेजाऱ्याशी नातं निघालं म्हणून इथे बऱ्याच लोकांचा हिरमोड झाला होता. मग 2014 मध्ये आणखी बारकाईने तपास झाला आणि सगळ्यात जवळचा नातेवाईक निघाला तो थेट मादागास्करचा. तिथला नामशेष झालेला प्रचंड हत्तीपक्षी. मादागास्कर आणि न्यूझीलंड ही काही एकमेकांना चिकटलेली शेजारी नव्हती. याचा अर्थ किवीचे पूर्वज उडत आले असले पाहिजेत. इथे स्थिरावल्यावर त्यांनी उडणं सोडलं.

म्हणजे पक्षीही बाहेरचाच. फक्त काही कोटी वर्षं आधी आलेला.

मग फरक कशात आहे? मला वाटतं, फळ आणि स्टोट यांची तुलना केली की तो कळतो. दोघेही गेल्या दीडशे वर्षांत आले, दोघांनाही माणसांनीच आणलं. स्टोट ज्याच्या घरात आला त्यालाच खाऊन वाढला. फळाने मांडवावर जागा घेतली, गावं उभी केली, हजारो हातांना काम दिलं. तेही अगदी निर्दोष नाही. एकाच वंशाच्या वेली म्हणजे धोका. 2010 मध्ये ते पुकेजवळ पीएसए नावाचा जिवाणूजन्य रोग आला आणि सोनेरी गराच्या वेलींच्या बागाच्या बागा तोडाव्या लागल्या. सावरले ते नव्या, जास्त तग धरणाऱ्या वाणामुळे. त्या वाणाच्या फांद्या पुढे परवानगीशिवाय चीनमध्ये पोचल्या आणि तिथे आज हजारो हेक्टरवर त्याची लागवड आहे. बियांच्या रूपाने निघालेलं फळ शंभर वर्षांनी नवं नाव आणि नवा रंग घेऊन असं माहेरी परतलं.

आपल्याकडेही हे काही नवीन नाही. सीताफळ आणि रामफळ मूळचे अमेरिका खंडाचे. आपण त्यांना थेट सीता आणि राम यांची नावं दिली. सासवडच्या शेतकऱ्याला सांगून पाहा की सीताफळ परदेशी आहे. मिरची, पेरू, काजू, बटाटा, सगळे समुद्रावरून आले. मिरचीशिवाय ठेचा कसा असेल, याची कल्पनाही करवत नाही. रुजलेल्याला आपण मूळ गाव विचारत नाही.

पण नाव मिळालं की त्यासोबत एक जबाबदारीही येते, आणि ती आता लोक उचलू लागले आहेत. वेलिंग्टनच्या टेकड्यांवर शंभर वर्षांहून अधिक काळ रानात किवी नव्हता. तिथल्या लोकांनी शेतकऱ्यांशी बोलून, माओरी वंशजांच्या सोबतीने, साडेचार हजारांवर सापळे लावले. स्टोट आटोक्यात आल्यावर नोव्हेंबर 2022 मध्ये किवी पुन्हा सोडले गेले. पुढच्या वर्षी तिथे पिल्लं जन्मली. या सापळ्यांची देखभाल करणाऱ्यांत शाळकरी मुलं आहेत आणि सायकल घेऊन डोंगरात फिरणारी माणसंही आहेत. त्यांचे आजोबा कुठून आले होते, हे किवीच्या पिल्लाला कळत नाही. कुणाचा सापळा चालतोय एवढंच त्याच्या जिवाशी येतं.

मी मुलीला हे सगळं तीन-चार रात्री थोडं थोडं सांगितलं. तिने शेवटी विचारलं, "म्हणजे मी पक्षी का फळ?" मी म्हटलं, "तुझे आईबाबा फळ. तुझं तू ठरव." ती म्हणाली, "आणि आजी?" मी म्हटलं, "आजी सीताफळ."

आता आमच्या परसात एक लाकडी सापळा आहे. उंदरांचा, साधाच. आठवड्यातून एकदा ती तो तपासते आणि नोंद करते. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला, तर ती म्हणाली, "उंदीर मारायला न्यूझीलंडला गेलात का रे?" मुलीने तिला मराठीत सगळं समजावलं. पूर्ण मराठीत, मधे एकही इंग्रजी वाक्य न घालता. हेही मी नोंदवून ठेवलं.

मंडळी, तुमच्या गावाजवळ किवीचं जंगल असेल तर मे-जूनच्या रात्री त्यांचे आवाज मोजायला स्वयंसेवक लागतात. अंधारात दोन तास गप्प बसायचं असतं. आपल्या मराठी माणसांना ते जरा जड जाईल, पण मुलांना घेऊन एकदा जाऊन बघा. नराची उंच शिटी आणि त्यावर मादीचं खरखरीत उत्तर ऐकू आलं तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात पुन्हा भेटू. तोवर नमस्कार.